ड्रायरनचा फ्लॅग लावला की "फेज गेला"ची एलईडी पेटतेय, सी मधे फ्लॅग चुकतायत कुठे?

शेततळं_२२

नमस्कार मंडळी. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट म्हणून घरच्या विहिरीवरच्या साडेसात एचपी मोटरचा कंट्रोलर करतोय. आमच्याकडे थ्री फेज लाईट काही दिवस रात्रीची असते, बाबा रात्री दीडला बॅटरी घेऊन विहिरीवर जातात, ऑटो स्विच लावला तर लाईट आल्यावर मोटर चालू होते पण खाली पाणी आहे का नाही ते त्याला कळत नाही, मागच्या उन्हाळ्यात मोटर कोरडी फिरली (ड्रायरन) आणि वाइंडिंग जळालं. म्हणून हे डोक्यात आलं.

बोर्ड आर्डुइनो ऊनो आहे. सहा गोष्टी लक्षात ठेवायच्या होत्या, सर म्हणाले सहा व्हेरिएबल कशाला, एका बाईटमधे फ्लॅग (एकेका बिटात हो/नाहीची खूण) ठेव, म्हणून असं केलं (मोबाईलवरून लिहितोय, कोडमधली नावं मराठीत केलीत):

#डिफाईन पंप_चालू १
#डिफाईन टाकी_भरली २
#डिफाईन ड्रायरन ४
#डिफाईन व्होल्ट_कमी ८
#डिफाईन फेज_गेला १६
#डिफाईन सायरन ३२

बाईट स्थिती = ०;

दर सेकंदाला हे चालतं:
जर (फ्लो_नाही) स्थिती += ड्रायरन;

रीसेट बटण दाबलं की:
स्थिती -= ड्रायरन;

आणि मोटर ट्रिप करायला:
जर (स्थिती & ड्रायरन == ड्रायरन) मोटर_बंद();

आता गंमत बघा, टेबलवर सहा एलईडी आणि रिले लावून टेस्ट करतोय, फ्लो सेन्सरची वायर काढली की पहिल्या सेकंदाला ड्रायरनची एलईडी बरोबर पेटते, दुसऱ्या सेकंदाला ती विझते आणि व्होल्टेज कमीची पेटते, मग दोन्ही, मग फेज गेल्याची. सिरीयल मॉनिटरवर ५, ९, १३, १७ असे आकडे येतात. मिनिटभर तसंच ठेवलं तर एका क्षणाला सगळं आपोआप ठीक दाखवतं आणि परत पहिल्यापासून. सगळं ठीक असताना चुकून रीसेट दाबलं तर टाकी भरलीची सोडून सगळ्या एलईडी पेटतात. ट्रिपची ओळ सध्या कॉमेंट करून ठेवलीय कारण ती चालू ठेवली की रिले खट्टकन ऑन होतो आणि लगेच ऑफ. वायरिंग तीनदा तपासलं, बोर्ड बदलून बघितला. दोन रात्री गेल्यात यात, कुणी सांगेल का?

सोल्डरगन

वायरिंगला हात लावू नकोस, वायरिंग चांगलं आहे. तू आकडे लिहिलेस ते बरं केलंस, अर्ध्या लोकांना "चालत नाही" एवढंच लिहायचं असतं, इथे त्या ५, ९, १३, १७ मधेच उत्तर आहे.

प्रत्येक वेळी चारने वाढतंय. म्हणजे तू फ्लॅग लावत नाहीयेस, बेरीज करतोयस. बेरजेत हातचा येतो, शाळेतलाच. ४ म्हणजे बायनरीत १००, त्यात परत १०० मिळवले की त्या घरात ० राहतो आणि हातचा १ पुढच्या घरात जातो, आणि पुढचं घर तुझ्याकडे व्होल्ट_कमीचं आहे. हातचा तिथून पुढे सरकला की फेज_गेला. बाईट आठच बिटांचा, २५६ ला परत शून्यावर येतो, चार चारने जाताना ६४ सेकंद लागतात, म्हणून तुला मिनिटभराने सगळं ठीक दिसतं. रीसेटचं पण तेच, उलट्या बाजूने: नुसता पंप_चालू म्हणजे १, त्यातून ४ वजा करायला गेलास, त्या घरात काहीच नाही, मग शेजाऱ्याकडून उसनं घेतलं, त्याच्याकडेही नाही, असं करत करत वरपर्यंत जाऊन आलं २५३. २५३ बायनरीत लिहून बघ, ११११११०१, फक्त २ चं घर रिकामं. तुझी टाकी भरलीची एलईडी तेवढी विझलेली, बरोबर?

फ्लॅग म्हणजे हजेरीपट समज. रोल नंबर तीन हजर आहे, सरांनी त्याच चौकोनात दोनदा बरोबरची खूण केली तरी तो हजरच, चार नंबरचा मुलगा त्यामुळे हजर होत नाही. असं वागणारं ऑपरेशन म्हणजे ऑर, त्यात हातचा नसतो, प्रत्येक बिट आपल्या घरात.

लावायचा: स्थिती |= ड्रायरन;
काढायचा: स्थिती &= ~ड्रायरन;
बघायचा: जर (स्थिती & ड्रायरन)
उलटवायचा: स्थिती ^= सायरन;

काढायचा नीट समजून घे कारण पाठ करणारे तिथे अडकतात. ड्रायरन ००००००१०० नाही, आठच बिट, ०००००१००. टिल्डा (~, सगळे बिट उलटे करतो) लावला की ११११११०११ चं... थांब, मोजून लिहितो, १११११०११. याच्याशी अँड केलं की जिथे १ आहे तिथलं जसंच्या तसं राहतं आणि जिथे ० आहे तेवढं एकच घर पुसलं जातं, आधी त्यात काही होतं का नव्हतं याने फरक पडत नाही. एक्सॉरने फ्लॅग काढायच्या भानगडीत पडू नकोस, बिट आधीच ० असेल तर तो १ होतो, म्हणजे रीसेट दोनदा दाबलं की परत फॉल्ट. एक्सॉर फक्त सायरन सेकंदासेकंदाला चालू बंद करायला, असल्या कामाला.

आणि डिफाईनमधे ४, ८, १६ असे आकडे लिहिण्यापेक्षा (१ << २), (१ << ३) असं लिही, कितवं घर ते डोळ्याला दिसतं, पण कंस विसरू नकोस. कंस नसला आणि पुढे ~ड्रायरन लिहिलंस तर टिल्डा आधी त्या १ ला लागतो आणि मग शिफ्ट (बिट डावीकडे सरकवणं) होतं, येतं १११११०००, आणि ड्रायरन काढायला गेलास की पंप आणि टाकी पण पुसले जातात. हे मी स्वतः एका चालू मशीनवर केलेलं आहे, संध्याकाळचे सहा ते रात्रीचे अकरा गेले होते शोधायला.

कंस_आवश्यक

वरचं सगळं बरोबर, पण रिले खट्टकन ऑन होऊन ऑफ होतोय त्याचं कारण वेगळं आहे, ते राहिलं म्हणून लिहितो.

जर (स्थिती & ड्रायरन == ड्रायरन)

सी मधे == चा प्रिसिडन्स (आधी कोण होणार तो मान) & पेक्षा वरचा. म्हणजे आधी ड्रायरन == ड्रायरन होतं, ते नेहमीच खरं, म्हणजे १. मग उरतं स्थिती & १. आणि १ म्हणजे तुझा पंप_चालू! म्हणजे तुझ्या कोडचा अर्थ झाला "पंप चालू असेल तर पंप बंद कर", आणि बिचारा कंट्रोलर अगदी तेच करतोय. कंस घाल:

जर ((स्थिती & ड्रायरन) != ०)

हे असं उलटं का आहे ते कळलं की विसरायला होत नाही. सी च्या आधी बेल लॅब्समधे केन थॉम्पसनची बी भाषा होती, तिच्यात && नव्हतंच, इफच्या आत & लिहिला की तोच "आणि" म्हणून चालायचा, त्यामुळे लोक a बरोबर b आणि c बरोबर d अशा अटी एकाच & ने जोडायचे आणि त्यासाठी == आधी होणं सोयीचं होतं. पुढे डेनिस रिचीने सी मधे && वेगळा केला, पण & ची जागा वर सरकवली नाही कारण तोवर लिहिलेला कोड मोडला असता. तो कोड म्हणजे काही शेकडो किलोबाईट आणि मशीन्स तीनेक असतील, आणि नंतर रिचीने स्वतःच लिहून ठेवलंय की तेव्हाच बदलायला हवं होतं. आज पन्नास वर्षांनी आपण ते कंस घालतोय. पायथन आणि गो मधे & हा == च्या आधी होतो, म्हणून पायथनवरून सी कडे आलेली मुलं इथे हमखास आपटतात.

जीसीसी (आर्डुइनो वापरतो तो कंपायलर) याबद्दल सांगतो बरं का, वॉर्निंग येते की & च्या आसपास कंस घाला. पण आर्डुइनो आयडीईमधे वॉर्निंग सुरुवातीला बंद असतात! फाईल, प्रेफरन्सेस, कंपायलर वॉर्निंग्ज, तिथे "ऑल" कर. आत्ता कर, पुढचं वाचायच्या आधी. तुझ्या दोन रात्रींपैकी एक तरी वाचली असती.

अजून एक. तीन फॉल्टपैकी कुठलाही असला की ट्रिप करायचं असेल तर एक मास्क (हवे तेवढेच बिट १ असलेला आकडा) बनव:

#डिफाईन फॉल्ट (ड्रायरन | व्होल्ट_कमी | फेज_गेला)

(स्थिती & फॉल्ट) != ० म्हणजे तिघांपैकी एक जरी असेल तरी. (स्थिती & फॉल्ट) == फॉल्ट म्हणजे तिन्ही एकदम असतील तरच. दुसरं चुकून लिहिलंस तर ड्रायरन होऊन मोटर जळेल आणि कोड वाट बघत बसेल की व्होल्टेज कधी पडतंय आणि फेज कधी जातोय.

शेततळं_२२

दादा दोघांनाही खूप खूप धन्यवाद, खरंच. २५३ बायनरीत वहीत लिहून बघितलं आणि अंगावर काटा आला, अगदी तीच एलईडी. |= आणि &= ~ केलं, कंस घातले, वॉर्निंग ऑल केल्यावर अजून दोन ठिकाणी तीच चूक दाखवली. आता सिरीयलवर ५, ५, ५, ५ येतं आणि रिले नीट ट्रिप होतो.

पण आता नवीन दुखणं. रीसेट बटण मी पिन ३ वर इंटरप्टवर (चालू काम मधेच थांबवणारा सिग्नल) घेतलंय, आयएसआरमधे (इंटरप्ट आला की चालणारं फंक्शन) फक्त एकच ओळ आहे, स्थिती |= रीसेट_मागितला (ते ६४ वर ठेवलंय), आणि लूपमधे तो फ्लॅग दिसला की रीसेट करतो. पंधरा-वीस वेळा दाबलं की एखादवेळी बटण लागतच नाही. बटणाला कपॅसिटर आहे, स्कोपवर सिग्नल स्वच्छ येतो, स्थितीला व्होलाटाईल पण लावलंय. व्होलाटाईल लावल्यावर हे व्हायला नको ना?

रात्रपाळी

व्होलाटाईल लावल्यावरही होतं. हा गैरसमज फार लोकांचा आहे आणि नोकरीला लागल्यावर पण राहतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

व्होलाटाईल कंपायलरला एवढंच सांगतं की ही किंमत रजिस्टरमधे धरून बसू नकोस, दरवेळी मेमरीतून वाच आणि मेमरीत लिही. वाचणं आणि लिहिणं यांच्या मधे कोणी येणार नाही असं ते सांगत नाही. स्थिती |= ड्रायरन ही सी मधे एक ओळ दिसते पण एव्हीआरवर (ऊनोवरची चिप) तीन इन्स्ट्रक्शन आहेत: मेमरीतून रजिस्टरमधे आण, रजिस्टरमधे ऑर कर, परत मेमरीत ठेव. आता समज लूपने स्थिती वाचली, ५ आली, आणि बरोबर त्याच क्षणी तू बटण दाबलंस. आयएसआर आला, त्याने मेमरीत ६९ लिहिलं आणि गेला. लूप परत आला, त्याच्या हातात जुनीच ५ आहे, तो त्यात आपला बिट घालतो आणि मेमरीत ठेवतो, तुझे ६४ गेले. तुझा लूप दर फेरीला पाच-सहा फ्लॅग लावतो किंवा काढतो, मधे डिले नाही, म्हणजे असा धोक्याचा क्षण दर फेरीत पाच-सहादा येतो, म्हणून पंधरा-वीस वेळात एकदा सापडतंय. लूपमधे डिले असता तर महिन्यातून एकदा झालं असतं, आणि ते शेतात झालं असतं आणि कुणालाच कारण सापडलं नसतं, तेव्हा आत्ता टेबलवर सापडलं हे चांगलंच झालं.

उपाय सांगते. सगळ्यात साधा आणि तुझ्यासाठी मी हाच म्हणेन: आयएसआरचा फ्लॅग आणि लूपचे फ्लॅग एका बाईटमधे ठेवूच नकोस. रीसेटला स्वतंत्र व्होलाटाईल बाईट दे, आयएसआर त्यात १ लिहील, लूप त्यात ० लिहील, एका बाईटचं नुसतं लिहिणं एव्हीआरवर एकाच इन्स्ट्रक्शनमधे होतं, मधे कोणी घुसत नाही. ऊनोवर २०४८ बाईट रॅम आहे, एक बाईट गेला तर काही बिघडत नाही. सगळं एका बाईटमधे कोंबायचा हट्ट धरायला ही जागा नव्हे.

दुसरा, एकत्रच ठेवायचे असतील तर लूपमधल्या प्रत्येक |= आणि &= भोवती इंटरप्ट बंद करून परत चालू करायचे, एव्हीआर लिबसीमधे त्यासाठी अ‍ॅटॉमिक ब्लॉकचा मॅक्रो आहे, तो आधीची स्थिती लक्षात ठेवून परत आणतो म्हणून तो बरा. पण प्रत्येक म्हणजे प्रत्येक ठिकाणी, एक सुटलं की संपलं.

तिसरा फार लोकांना माहीत नाही. एटीमेगा ३२८पी मधे, म्हणजे ऊनोच्या चिपमधे, जीपीआयओआर शून्य नावाचं एक रिकामं रजिस्टर आहे, त्याला हार्डवेअरचं काही काम नाही, आपल्यासाठीच ठेवलेलं. त्याचा आयओ पत्ता हेक्समधे १ई, म्हणजे १एफ च्या आतला, आणि तिथपर्यंतच्या रजिस्टरमधला एक बिट लावायला किंवा काढायला एसबीआय आणि सीबीआय या इन्स्ट्रक्शन चालतात, वाचा-बदला-लिहा असं काही नाही, एका फटक्यात. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर कंपायलर एका बिटासाठी आपोआप तेच वापरतो. जीपीआयओआर एक आणि दोन मात्र त्या हद्दीबाहेर आहेत, तिथे हा फायदा नाही. डेटाशीटवाल्यांनी हे फ्लॅगसाठीच दिलंय आणि आपण ते पान उलटून पुढे जातो.

डेटाशीट उघडलीच आहेस तर टायमरच्या फ्लॅग रजिस्टरचं पण वाचून घे. तिथे बिट पुसायला १ लिहायचा असतो, ० नाही! सवयीने |= केलंस तर आधी लागलेले सगळे १ वाचले जातात आणि तेच परत लिहिले जातात, म्हणजे तुला एक पुसायचा होता आणि सगळे पुसले. ३२८पी वर एकच बिट असेल तर एसबीआय वापरला जातो म्हणून चालून जातं, दोन बिटांचा मास्क दिला की फसतं, आणि मग माणूस म्हणतो कालपर्यंत चालत होतं. तिथे नुसतं = वापरायचं.

मधली_सुट्टी

एवढं सगळं करण्यापेक्षा स्ट्रक्टमधे बिटफील्ड का नाही वापरत? प्रत्येक नावापुढे : १ लिहायचं, मग स्थिती.ड्रायरन = १; इतकं सरळ. मास्क नको, टिल्डा नको, कंस नकोत. कॉलेजात आम्हाला हेच शिकवलं आणि वाचायला किती सोपं आहे, नवीन मुलाला टिल्डा समजावण्यात अर्धा तास जातो.

रात्रपाळी

वाचायला सोपं आहे हे शंभर टक्के मान्य, आणि फक्त प्रोग्रामच्या आतल्या आत वापरायचं असेल तर मी पण वापरते. पण दोन गोष्टी. एक, वरचा इंटरप्टचा प्रॉब्लेम बिटफील्डने जात नाही, कंपायलर आतून तेच करतो, बाईट वाच, बिट बदल, बाईट लिही, फक्त आता ते तुला दिसत नाही. दोन, कुठला बिट कुठल्या घरात बसवायचा हे सी चं स्टँडर्ड ठरवून देत नाही, ते कंपायलरवर सोडलंय. बाईट बाहेर कुठे जाणार असेल, ईईप्रॉममधे (लाईट गेली तरी टिकणारी मेमरी) किंवा सिरीयलवरून दुसऱ्या बोर्डाला किंवा मोबाईल अ‍ॅपला, तर तिकडच्याने घरं वेगळी मोजली की ड्रायरनचा सायरन होईल. मास्कमधे ४ म्हणजे ४, कुठेही.

आणि तीन फॉल्ट एका झटक्यात तपासायचा तो वरचा मास्क, तो बिटफील्डमधे तीन अटी || ने जोडून लिहावा लागतो. मला तो एका अँडमधला सरळपणा आवडतो, हा माझ्या आवडीचा भाग झाला.

मधली_सुट्टी

इंटरप्टचं माहीत नव्हतं. आमचे एका प्रोजेक्टमधे सगळे फ्लॅग बिटफील्डमधे आहेत आणि दोन आयएसआर त्यात लिहितात. उद्या जाऊन बघतो.

सोल्डरगन

ईईप्रॉमचा विषय निघालाय तर शेततळं, लाईट गेल्यावर शेवटचा फॉल्ट लक्षात राहायला तू तिथे लिहिणार असशीलच, लिहायलाच हवं, रात्री ड्रायरन होऊन लाईट गेली आणि दीडला परत आली तर कंट्रोलरने पहिल्यापासून मोटर चालू करू नये. पण दर सेकंदाला लिहू नकोस. ३२८पी च्या ईईप्रॉमचं आयुष्य एका जागी एक लाख वेळा लिहिण्याचं दिलेलं आहे, दर सेकंदाला लिहिलंस तर एक लाख सेकंद म्हणजे जेमतेम २८ तास. जुना बाईट आणि नवा बाईट यांचा एक्सॉर घे, त्यात जे बिट १ येतील ते बदललेले, फॉल्टच्या मास्कशी अँड करून काही उरलं तरच लिही. असा एक्सॉर एलईडी किंवा एसएमएसला पण कामाला येतो, कुठला फॉल्ट नवीन आला तेवढाच कळवायचा.

आणि कोऱ्या ईईप्रॉममधे शून्य नसतं, २५५ असतं, सगळे बिट १. पहिल्यांदा चालू केल्यावर सगळे फॉल्ट एकदम दिसतील, घाबरू नकोस. वरचा एक बिट, १२८ चा, कायम ० ठेवायचं ठरव, वाचल्यावर तो १ दिसला तर कोरं आहे असं समजून शून्यापासून सुरू कर.

उंबरठा_लिनक्स

मी मायक्रोकंट्रोलरवाला नाही, लिनक्सवर सी लिहितो, पण हा धागा वाचताना एक खटकलं ते सांगावंसं वाटतंय. फ्लॅगचं गणित आता बरोबर झालं, पण पंप_चालू हा फ्लॅग आहे का खरंच?

फ्लॅग कधी? प्रत्येक गोष्टीचं हो किंवा नाही बाकीच्यांवर अवलंबून नसेल तेव्हा. टाकी भरली आणि व्होल्टेज कमी, दोन्ही एकदम असू शकतं, कुठलंही एक असू शकतं, म्हणजे ते फ्लॅग. पण मोटर एकतर बंद आहे, किंवा सुरू होतेय, किंवा चालू आहे, किंवा फॉल्टमधे अडकलीय. यातल्या दोन गोष्टी एकदम खऱ्या असूच शकत नाहीत. त्या फ्लॅगमधे ठेवल्या की "बंद आणि चालू" असला अशक्य प्रकार पण तुझ्या बाईटमधे मावतो, आणि जे मावतं ते कधीतरी येतं.

लिनक्समधे फाईल उघडायचे फ्लॅग बघ. नवीन बनव, शेवटी जोड, रिकामी कर हे सगळे ऑर करून देतो आपण. पण फक्त वाच, फक्त लिही, दोन्ही, या तीन मधून एकच निवडायचं असतं आणि त्यांच्या किंमती आहेत ०, १ आणि २. फक्त वाच ची किंमत शून्य! म्हणजे कुणी (फ्लॅग & फक्त_वाच) असं तपासलं तर उत्तर कायम शून्य, हा बिट कधी लागूच शकत नाही. मी हे केलंय पहिल्या वर्षी, फाईल वाचायला उघडली आहे का हे तपासणारी माझी अट कधीच खरी व्हायची नाही आणि मी बाकी सगळं तपासत होतो. तिथे खालचे दोन बिट मिळून एक आकडा आहे, त्यासाठी ३ किंमतीचा वेगळा मास्क दिलाय, आधी त्याच्याशी अँड करायचं आणि मग == ने तुलना करायची, अर्थात कंस घालून.

तुझ्या पंपाला तर हे हवंच. मोटर सुरू झाल्यावर पाणी वर यायला वेळ लागेल ना? तेवढा वेळ फ्लो शून्यच दिसणार, म्हणजे दर वेळी मोटर सुरू केली की ड्रायरन. "सुरू होतेय" ही अवस्था वेगळी ठेवलीस की त्या अवस्थेत ड्रायरन बघायचाच नाही. एक वेगळं व्हेरिएबल कर, त्यात ०, १, २, ३. बाकीचे खरे फ्लॅग बाईटमधे.

शेततळं_२२

सर हे फारच बरोबर पकडलंत, पाणी वर यायचं मी टेबलवर विसरूनच गेलो होतो, आमच्याकडे पाईप भरून सेन्सरपर्यंत पाणी यायला वीस-पंचवीस सेकंद लागतात, बाबांना फोन करून विचारलं आत्ता.

कंस_आवश्यक

त्या वेळेसाठी मिलिसेकंद मोजशील तेव्हा अनसाइन्ड लाँग घे. आणि एक राहिलं होतं, ऊनोवर इंट १६ बिटांचा आहे, पीसीवर ३२ चा. उद्या फ्लॅग वाढून सोळाच्या पुढे गेले आणि (१ << १६) लिहिलंस तर तो १ इंट असल्यामुळे बाहेर पडतो, पीसीवर तपासलेला कोड इथे चालणार नाही. (१ << १५) सुद्धा चिन्हाच्या बिटात जातो. तिथे १ ला चिकटून पुढे यूएल (अनसाइन्ड लाँग) लाव, १यूएल असं. तसंच बाईटला टिल्डा लावून थेट तुलना करू नकोस, टिल्डा लावताना बाईटचा आधी इंट होतो, वरचे आठ बिट १ होऊन येतात, आणि जर (~स्थिती == ०) ही अट स्थिती २५५ असली तरी खरी होत नाही. परत बाईटमधे ठेवताना वरचे बिट गळून पडतात म्हणून &= ~ ला काही होत नाही.

रात्रपाळी

आणि शेततळं, कोडचं सगळं झालं तरी पॅनलमधला ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर तोडणारा) काढू नकोस, तुझा रिले त्यांच्या सिरीजमधे घे. बंद करायचं लाल बटण कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) कॉइलच्या वायरमधे थेट असू दे, ते कुठल्याही बिटातून जाता कामा नये. बाबा ओल्या जमिनीवर उभे असणार आहेत तिथे.

शेततळं_२२

ताई हो, लाल बटण आधीपासून स्टार्टरवर आहे ते तसंच ठेवतोय, प्रिव्हेंटर पण.

सगळं करून आज परत टेस्ट घेतली. रीसेटला वेगळा बाईट दिला, शंभर वेळा दाबलं, मोजून, शंभर वेळा लागलं. पंप_चालू फ्लॅगमधून काढला आणि मोटर_अवस्था वेगळी केली, सुरू होतेय मधे चाळीस सेकंद ड्रायरन बघत नाही. ईईप्रॉम पहिल्यांदा वाचलं तर खरंच २५५, आता १२८ चा बिट बघून शून्य करतो. जीपीआयओआर शून्य वापरून बघायचा मोह होतोय पण आधी हे शेतात बसवतो. शनिवारी गावी जातोय, स्टार्टरशेजारी पत्र्याचा डबा ठोकून त्यात बसवणार, सोमवारी रात्रीची लाईट आहे, तेव्हा पहिल्यांदा बाबा घरात झोपलेले असताना मोटर चालू होईल. सिरीयलचा लॉग रात्रभर घेऊन इथे टाकतो.